फोनमधली ओवी

काल दुपारी माझे धाकटे दीर बाबाराव पारशिवनीहून मोटरसायकलच्या मागे तुरीच्या ओल्या शेंगांचं पोतं बांधून आले. फाटकातूनच ओरडले, "वहिनी, घ्या! आता बसा नखं हिरवी करत."

मी म्हटलं, "भाऊजी, त्या हिरव्या नखांमुळेच तर मी अजून तरुण दिसून राहिली."

"हव, दिसता ना. चष्मा काढला की भल्ल्या दिसता."

कोणाचा चष्मा, ते त्यांनी सांगितलं नाही.

पोतं गच्चीवर चढवलं, तोंड सोडलं आणि तो वास आला. थोडा गवताचा, थोडा मातीचा, आणि त्यात काहीतरी चिकट, बोटांना धरून बसणारं. हात साबणाने धुतले तरी झोपताना पांघरूण तोंडावर ओढलं की तो आहेच. नागपूरची थंडी मला अंगापेक्षा नाकाला आधी कळते. या शेंगांमधले हिरवे दाणे म्हणजे सोले. सोलेभात, सोले-वांगी, सोल्यांची आमटी, सोल्यांच्या कचोऱ्या. या दिवसांत आपल्या घरी दुसरं काही शिजतच नाही, अशी माझ्या मुलाची, प्रशांतची, तक्रार असते. तक्रार करतो आणि पुन्हा वाढून घेतो.

पण दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यापासून या वासात आणखी काही मिसळून बसलंय. मालिशच्या तेलाचा वास, औषधांचा वास, आणि नुकतेच उगवायला लागलेले केस असलेल्या एका डोक्याचा वास. त्या हिवाळ्यात माझी नात ओवी दहा वर्षांची होती आणि ते डोकं दुपारभर माझ्या मांडीवर असायचं.

काय झालं होतं ते एकदाच सांगते, कारण ते सांगण्यात मला काही रस नाही. पावसाळा संपता संपता घराजवळच्या वळणावर, रस्त्याच्या कामासाठी पसरलेल्या गिट्टीवरून तिची सायकल घसरली. डोकं सिमेंटच्या कठड्यावर आपटलं. मेंदूला जबर मार बसला. ऑपरेशन झालं, कित्येक दिवस ती डोळे मिटून पडून होती, आणि डोळे उघडले तेव्हाही आमच्याकडे अशी पाहायची की जणू आपण चुकीच्या घरी आलोय आणि हे सांगायला संकोच वाटतोय. दिवाळी आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात काढली. घरी आली तेव्हा उजवा हात छातीशी दुमडलेला, उजवा पाय फरपटत, आणि प्रत्येक शब्द कुठून तरी लांबून वाहून आणल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले होते, "लहान वय आहे, मेंदू पुन्हा शिकतो. पण हे सुरुवातीचे महिने मोलाचे आहेत. हाताचा, पायाचा, बोलण्याचा सराव थांबू द्यायचा नाही." आम्ही तेवढं एकच वाक्य घट्ट पदराला बांधून घरी आलो. सराव थांबू द्यायचा नाही.

आमचं घर म्हणजे बोलक्यांचं घर. माझं माहेर इतवारीतलं. वडिलांचं भांड्यांचं दुकान, खाली दुकान, वर आम्ही. दिवसभर खाली पितळेवर ठोके पडायचे, हातगाडीवाले एकमेकांच्या आईबापांची चौकशी करायचे, आणि त्या सगळ्याच्या वर आवाज काढून "भाजी जास्त तिखट झाली" हे सांगावं लागायचं. लग्न होऊन आले तेव्हा सासरच्यांना वाटलं, नवी सून भांडून राहिली. मी नुसतं पाणी मागत होते. समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचं, ही आमच्याकडची रीत. आणि आता दवाखान्यातल्या बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, "तिला काही विचारलं की थांबायचं. वाक्य तिचं तिला पुरं करू द्यायचं. मध्ये शब्द पुरवायचे नाहीत."

थांबायचं! मला उपास करायला सांगितला असता तर तो सोपा गेला असता. ओवी "पा..." म्हणायची आणि चार माणसं चार बाजूंनी धावायची. पाणी? पांघरूण? पापड? पायाला मुंगी चावली? पोरगी बिचारी आळीपाळीने सगळ्यांकडे पाहायची आणि तोंड मिटून घ्यायची.

शिवाय घरात काही शब्दांना बंदी झाली होती. सायकल, गिट्टी, पडणे, डोकं. जाहीर कोणी केली नव्हती, पण पाळत सगळे होते. एकदा जेवताना प्रशांत "माझं डो..." म्हणून थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझं वरचं दुखतंय."

मी म्हटलं, "वरचं म्हणजे काय बे, गच्ची?"

कोणी हसलं नाही. त्या दिवसांत माझ्या विनोदांना घरात फार वाईट दिवस आले होते.

ओवीची आई, माझी सून वैशाली, वर्ध्याची. शांत, नीटनेटकी, डब्यांवर नावं लिहिणारी. तिला कोणीतरी सांगितलं होतं की पोरीला ओळखीचे फोटो दाखवा, ओळखीचे आवाज ऐकवा. वैशालीने तो सल्ला फार मनावर घेतला. अपघाताच्या आधीच्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये ओवी भाजीवाली झाली होती. हिरवं लुगडं, डोक्यावर टोपली, एक हात कमरेवर. "घ्या वं बाया, घ्या! मेथी पाहा, कशी हिरवी गार हाये!" असं ओरडत ती सगळ्या स्टेजवर फिरली होती आणि टाळ्या थांबत नव्हत्या. ते सगळं वैशालीच्या फोनमध्ये होतं. रोज सकाळी दूध झालं की ती ओवीला उशीला टेकवून बसवायची आणि फोन समोर धरायची.

"पाहा ओवी, ही तू. अशी बोलायचीस ना? अशीच बोलायची आहेस. पहिल्यासारखी."

भेटायला येणाऱ्यांनाही तो दाखवला जायचा. धरमपेठेतली माझी चुलतबहीण आली, तिने पाहिला, डोळ्यांना पदर लावला आणि ओवीच्या देखतच म्हणाली, "माय वं, कशी चुरूचुरू बोलायची पोट्टी! होईल, होईल, पहिलेसारखी होईल." जाताना ओवीच्या गालावरून हात फिरवला, पण नजर तिची फोनकडेच होती. मला ते त्या वेळी कळलं नाही. मीसुद्धा त्याच व्हिडिओकडे पाहत होते.

आणि मग सराव थांबला.

हातापायांचा व्यायाम घ्यायला श्रुती नावाची तरुण मुलगी रोज घरी यायची. तिच्याबरोबर ओवीची उजवी मूठ जरा जरा उघडू लागली होती, आधाराने चार पावलं पडू लागली होती. एके दिवशी ओवीने हात दिलाच नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडली. मग बोलणंही बंद. पाणी हवं असलं तरी गप्प. प्रशांतने खेळणी आणली, बाबारावांनी फोनवरून मोराचा आवाज काढून दाखवला, वैशालीने समजावलं, हात जोडले, रडली, आणि शेवटी काय केलं तर सकाळचा व्हिडिओ संध्याकाळीही सुरू केला.

श्रुती जाताना मला दारात म्हणाली, "आजी, हात येत नाहीये असं नाही. ती देत नाहीये. घरात काही झालं का?"

"काही नाई वं," मी म्हटलं. "आमच्या घरात आजकाल काहीच होत नाई. हाच तर प्रॉब्लेम हाय."

घरावर एक भीती उतरली होती, तिचं नाव कोणी घेत नव्हतं. मोलाचे महिने एकेक करून निघून चालले होते आणि पोरगी भिंतीकडे पाहत होती.

त्याच आठवड्यात बाबारावांचं त्या वर्षीचं पोतं आलं. मी म्हटलं, ओवीला गच्चीवर आणा. वैशाली म्हणाली, "आई, ऊन लागेल तिला."

"नागपूरच्या पोट्टीले ऊन सांगते काय वं? आणि तेबी डिसेंबरातलं?"

प्रशांतने तिला उचलून वर आणलं, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला गादी लावून टेकवून बसवलं. मी समोर पोतं ओतलं आणि सोलत बसले. तिला काही करायला सांगितलं नाही. त्यात माझा काही शहाणपणा नव्हता. कोवळे सोले कच्चेच फार गोड लागतात, आणि खाताना मला माणसांशी बोलायला आवडत नाही.

बराच वेळ असाच गेला. शेंग मोडल्याचा बारीक आवाज, कुठेतरी कोणी गाद्या झोडपत होतं, टाकीत पाणी पडत होतं. खाली शेजारच्या काकू आल्या असाव्यात, कारण जिन्यातून तो ओळखीचा आवाज वर आला. "घ्या वं बाया, घ्या! मेथी पाहा..." आणि त्यामागून टाळ्या.

ओवीने भिंतीवरून मान उचलली.

"आजी."

किती दिवसांनी! माझ्या जिभेवर चार प्रश्न धावत आले. मी तोंडात सोले कोंबले आणि नुसतं "हं?" केलं.

ती शब्द शोधत होती. ते दिसत होतं. अंधाऱ्या कोठीत हात फिरवून डबा शोधावा तसं. मी शेंगांकडे पाहत राहिले.

"ती... चांगली... होती?"

"कोण वं?"

डाव्या हाताचं बोट तिने जिन्याकडे केलं.

"फोन... मधली."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. हात का देत नव्हती ते मला त्या एका बोटाने सांगितलं. रोज सकाळी, दूध झालं की, आम्ही तिला एका मुलीशी शर्यतीला उभं करत होतो. त्या मुलीला दोन हात होते, दोन पाय होते, जीभ सुरीसारखी चालत होती आणि सगळ्या सभागृहाच्या टाळ्या तिच्या बाजूने होत्या. आणि ही रोज हरत होती, पाहुण्यांसमोर. वर आम्ही प्रेमाने सांगत होतो, होशील, तिच्यासारखी होशील. याचा अर्थ त्या भिंतीशी बसलेल्या पोरीने एकच लावला होता: ही सगळी माणसं दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहून राहिली.

"अगं, ती तूच," असं मी म्हणू शकले असते. सगळे तेच म्हणत होते. पण तिला ते पटत नव्हतं, आणि खरं सांगू, त्या क्षणी मलाही पटलं नाही.

"बरी होती," मी म्हटलं. "पण भलता भाव खायची. आणि ओरडायची तर अशी, का समोरचा कुत्रा उठून दुसऱ्या गल्लीत जाये."

ओवी पाहत राहिली. मी खोटं बोलून राहिली का, ते तपासत होती.

"असते वं," मी म्हटलं. "सगळ्याइची एकेक पहिलीवाली असते. माह्यीबी होती."

"तुझी?"

"मंग! इतवारीतली. पाहिली असती तर हसून हसून मेली असती तू."

आणि मी तिला माझ्यातली पहिलीवाली दाखवली. तिचा फोटोही धड नाही, त्यामुळे तोंडानेच दाखवावी लागली. ही बया लग्न करून सासरी, पारशिवनीला, पहिल्यांदा आली ती काळा गॉगल घालून. डोळे आले होते म्हणून नव्हे, नट्या घालतात म्हणून. बैलगाडीतून उतरताना गॉगलमुळे शेणाचा पो दिसला नाही. पुढचं सांगायला नको. मग सासूबाईंनी हिच्यापुढे शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं आणि म्हणाल्या, दाणे काढून ठेव. इतवारीच्या पोरीने ओली तूर जन्मात पाहिलेली नव्हती. हिने शेंगा सोलल्या, आणि मग, माहेरी सणाला बदाम सोलतात ना, तसं एकेका दाण्याचं वरचं सालही काढत बसली. सकाळी बसली, दिवस कलला तरी वाटीभरच दाणे! घरात बारा माणसं जेवायची. सासूबाई आल्या, वाटी पाहिली, हिच्याकडे पाहिलं आणि सासऱ्यांना हाक मारून म्हणाल्या, "अवो, या, पाहा. सून नाई आणली, सोनार आणला."

ओवीच्या ओठाचा डावा कोपरा हलला.

मला चेव चढला. चेव चढला की माझं मागचंपुढचं भान सुटतं. "आणि मोपेड शिकली ते सांगितलं काय तुले? आजोबाले म्हणे, धरू नका मले, येते मले. आली ना! चौकात तर्री-पोह्याचा ठेला होता, सरळ त्याच्यात. अशी पडली, अशी पडली वं, का मी खाली, वर मोपेड, आणि त्याच्यावर तर्रीच्या रश्श्यानं भरलेला अख्खा गंज! नवी पांढरी साडी, लालेलाल. लोक धावले, त्याइले वाटलं रक्त. आणि तो ठेलेवाला डोकं धरून ओरडून राहिला, अरे बाईले सोडा, माह्यी तर्री पाहा!"

'पडली' म्हटलं होतं. 'डोकं' म्हटलं होतं. आणि नेमकी वैशाली जिन्याच्या दारात येऊन उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात ओवी हसली.

ते पूर्वीचं हसणं नव्हतं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, मध्ये उचकीसारखा आवाज, डोळ्यांतून पाणी, आणि थांबता येईना. घाबरावं की काय, असं वाटावं इतकी हसली. मग दम घेत म्हणाली, "ती... कुठी... गेली?"

"कोण, तर्रीवाली? गेली वं. कधी गेली ते मलेबी नाई समजलं."

तिने पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुले... पाहिजे... ती?"

"छ्या! तिले आणून काय करू? पुन्हा मोपेड मागीन ती."

ओवीने डाव्या हाताने एक शेंग उचलली आणि माझ्या अंगावर फेकली. नेम चुकला. मी ती उचलून सोलली.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात वैशालीने मला धरलं. रागावली होती, आणि तिला रागावताही येत नाही नीट, आधी डबे सारखे करते. दोन डबे सारखे करून झाल्यावर म्हणाली, "आई, तुम्ही तिला पडण्याच्या गोष्टी सांगता?"

"हसली ना?"

"हसली, पण..."

मग मी तिला ओवीने काय विचारलं ते सांगितलं. फोनमधली चांगली होती का, एवढंच.

वैशाली ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "आई, मला ती पाहिजे हो. मला माझी ओवी पाहिजे."

त्या घरात इतक्या दिवसांत बोललं गेलेलं ते सगळ्यात खरं वाक्य होतं. आम्ही सगळे तेच मनात धरून फिरत होतो. माणूस गेलं की रडायला एक रीत असते, लोक येतात, दिवस ठरलेले असतात. इथे पोरगी समोर बसलेली, श्वास घेत असलेली, देवाची कृपाच म्हणायची. मग त्या भाजीवालीसाठी रडायचं कोणी आणि कुठे बसून?

"मलेबी पाहिजे वं," मी म्हटलं. "पण ही जी वर बसली हाये, ती कोणाले पाहिजे? तिले तेच समजून नाई राहिलं."

ती रडली. मी रडू दिलं. सगळीकडे माझी मस्करी चालत नाही, एवढं मलाही कळतं. शेंगांची परात मध्ये ठेवली, आणि थोड्या वेळाने तिचे हात आपोआप शेंगांकडे गेले. दोघी सोलत बसलो. वर्ध्याची पोरगी, माझ्यापेक्षा झरझर सोलते.

सकाळचा व्हिडिओ बंद झाला. पुसून टाकला नाही, का टाकावा? कधी कधी न्हाणीघराचं दार बंद असायचं, नळ सोडलेला असायचा आणि पाण्याच्या आवाजाखाली अगदी बारीक ऐकू यायचं, "घ्या वं बाया, घ्या." मी दारावरून पाय न वाजवता निघून जायचे. ते वैशालीचं रडायचं ठिकाण होतं.

दुसऱ्या दिवशी चमत्कार वगैरे काही झाला नाही. श्रुती आली, ओवीने हात दिला नाही. पण दुपारी गच्चीवर म्हणाली, "आजी... पहिलीवाली." म्हणजे गोष्ट सांग. मग रोजच. माझ्यातल्या त्या बयेने आयुष्यात इतके घोळ घातले होते तरी दहा-बारा दुपारींत ते संपले, आणि मला नवे रचावे लागले. मग प्रशांतला बसवलं. त्याने त्याच्यातला कॉलेजमधला मिशीवाला सांगितला, ज्याने मिशी दाट दिसावी म्हणून आईचं काजळ लावलं होतं आणि जे घामाने वाहून गेलं होतं. बाबाराव आले तेव्हा त्यांनी तर पहिलीवाल्यांची अख्खी फौजच बाहेर काढली. सगळ्यात शेवटी वैशाली. ती म्हणाली, "माझ्यातली अशी काही नव्हती." ओवी म्हणाली, "खो... टं." आणि मग वैशालीने सांगितलं की तिने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती घरी जाऊन आईला म्हणाली होती, मुलगा बरा आहे पण सासू वेडी दिसते.

"मंग?" मी म्हटलं. "वेडी निघाली ना?"

अशा एका दुपारी, हसता हसता, ओवीने श्रुतीला हात दिला. श्रुतीने पाहिलंच नाही असं दाखवलं आणि एक शेंग त्या हाताखाली सरकवली. उजवा हात शेंगेवर नुसता ठेवायचा, वजन म्हणून, आणि डाव्याने शिवण उकलायची. सोले चारही दिशांना उडायचे. दिवसभरात चमचाभर निघायचे, त्यातले निम्मे पोत्याखाली. मला त्या वाटीची आठवण आली, दाण्याचं साल काढत बसलेलीची. फरक एवढाच की त्या नटवीला आपण काहीतरी फार भारी करतोय असं वाटत होतं, आणि हिला तसं वाटण्याचा पूर्ण अधिकार होता.

म्हातारपणाचा एक फायदा कोणी सांगत नाही. आपल्यातली इतकी माणसं आपण मागे सोडून आलेलो असतो की कोणी "पहिल्यासारखी हो" म्हटलं तर हसूच येतं. कोणत्या पहिलीसारखी? गॉगलवालीसारखी? की नवरा गेला तेव्हा महिनोन् महिने दाराकडे पाहत बसलेलीसारखी? मी त्यांच्यापैकी कोणालाही घरात घेणार नाही, फार तर ओट्यावर बसवून चहा देईन. पण माझ्यातली माणसं एकेक करून, हळूहळू निरोप घेऊन गेली. ओवीतली एका वळणावर गेली, आणि तिच्या जागी आलेलीने स्वतःला ओळखायच्या आत आम्ही तिला दुसरीचा फोटो दाखवत बसलो. मी हसून बोलते खरी, पण हे दोन्ही सारखं नाही, ते मला माहीत आहे.

ओवी आता बारा वर्षांची आहे. शाळेत जाते, एक वर्ग मागे, अर्धा दिवस. डाव्या हाताने लिहिते. पाय अजून ओढते, थकली की जास्त. सकाळचं संध्याकाळी विसरते, गोंगाटात चिडते, एकदा ताट भिरकावून दिलं आणि मग स्वतःच रडली. बोलणं अजून तुटक आहे आणि कदाचित तसंच राहील. डॉक्टर "राहील" म्हणत नाहीत, "पाहू" म्हणतात. ही ओवी भाजीवाली होणार नाही. पण हिला एक गोष्ट येते जी त्या ओवीला अजिबात येत नव्हती. ही गप्प बसून माणसं पाहते. कोण कधी खोटं हसतं, हिला बरोबर कळतं. आणि स्वतः खोटं बोलायलाही शिकली आहे, हे मला काल समजलं.

काल म्हणजे बाबारावांचं पोतं आलं त्याच दुपारी. ओवी शाळेतून आली, वर आली, भिंतीशी बसली. कचोऱ्यांसाठी सोले काढायचे होते. बाबाराव, ती आणि मी. पातेलं चांगलं भरत आलं होतं. मग मी एक तोंडात टाकला, मग तिने, मग काय झालं ते कोणालाच नीट आठवत नाही. वैशाली वर आली तेव्हा पातेलं अर्धं होतं.

"हे काय? आता भरलं होतं ना?" तिने कमरेवर हात ठेवले. "ओवी! कोणी खाल्ले?"

रागावून म्हणाली. खरंखुरं रागावून, आवाज चढवून, डबे सारखे न करता. दोन वर्षांत या पोरीला या घरात असं कोणी रागावलं नव्हतं. मी हातातली शेंग खाली ठेवली.

ओवीने आईकडे पाहिलं. "आ..."

खाली गॅसवर दूध ठेवलं होतं. मला माहीत होतं, वैशालीलाही माहीत होतं.

"आजीनं..."

बाबाराव आभाळाकडे पाहू लागले. गल्लीतून भंगारवाल्याची गाडी आरोळ्या देत गेली, ओवी थांबली, गोंगाटात तिचे शब्द निसटतात. गाडी वळणापलीकडे गेली. वैशाली हलली नाही. कपाळावर आठी तशीच, हात कमरेवर तसेच, राग तस्साच धरून ठेवलेला, आणि पोरीच्या तोंडाकडे पाहत उभी.

"...सगळे... खाल्ले."

दूध उतू गेल्याचा वास जिन्यातून वर आला. करपलेला, गोडसर. वैशालीच्या नाकपुड्या हलल्या. पाय हलला नाही.

"मी... नको... म्हटलं... होतं."

वाक्य पुरं झालं. वैशालीने आणखी क्षणभर वाट पाहिली, अजून काही यायचं आहे का म्हणून. नव्हतं.

"खोटारडे!" ती ओरडली. "तोंड पाहा आपलं, हिरवं झालंय सगळं! आज तुला कचोरी नाही!" आणि जिन्याने धाडधाड खाली पळाली.

ओवी माझ्याकडे पाहून डाव्या बाजूने हसली. माझ्यावर धडधडीत आळ आला होता, आणि मी त्यावर अवाक्षर काढू शकले नाही. तोंडात मूठभर सोले होते.